भात सोडला, टेकडी धरली, तरी काटा हलेना

प्रश्न थोडक्यात असा. सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या ताई, वय ४४, उंची पाच फूट दोन इंच. पाच महिन्यांपूर्वी वजन ७२ किलो होतं. भात बंद केला, सकाळी मध-लिंबू-पाणी सुरू केलं, रोज तळजाई टेकडीवर चालतात, रविवारी घरचे सगळे सिंहगड चढतात, एकादशी आणि गुरुवार धरतात. पहिल्या दोन महिन्यांत चार किलो उतरले, त्यानंतर तीन महिने काटा ६८-६९ ला चिकटून बसलाय. बागेबाहेर टेबल मांडून बसलेल्या लोकांनी मशीनवर उभं केलं, ‘मेटाबॉलिक एज ५८’ (म्हणजे शरीराचं वय अठ्ठावन्न) असं सांगून घाबरवलं आणि जेवणाऐवजी प्यायच्या शेकचा डबा पुढे केला. सासूबाई म्हणतात थायरॉइड असणार. जिममधला मुलगा म्हणतो पोटाचे व्यायाम वाढवा. यजमानांनी फक्त संध्याकाळचा वडापाव सोडला, तर त्यांचे पाच किलो गेले. शेवटी विचारलंय, ‘डॉक्टर, माझं चुकतंय कुठे? आता ते वजन उतरवायचं इंजेक्शन घ्यावं का? की घरी ट्रेडमिल घ्यावी?’

ताई, आधी एक दुरुस्ती. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ आहे. पुण्यात बरीच वर्षं हेच काम करते आहे. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा. बाकीच्याबद्दल मात्र मी मोकळेपणाने बोलते.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की प्रत्येकाने तुम्हाला एक-एक गुन्हेगार पकडून दिलाय. भात, थायरॉइड, पोट, मेटाबॉलिझम. पण तुम्ही दिवसभरात डाळ किती खाता आणि दंडात-मांडीत ताकद किती उरली आहे, हे कोणीही विचारलं नाही. माझ्या मते तुमचं घोडं तिथेच अडलंय. उतरलेल्या चार किलोंमध्ये चरबी किती आणि स्नायू किती, हा खरा प्रश्न आहे.

याला एक पुणेरी पार्श्वभूमी आहे आणि ती मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते. आपल्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघं शेजारी-शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) सारखाच, २२.३. बघताना दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. उंची-वजनाचं गणित तेच, आतला माल वेगळा. डॉ. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं छोटी, पण त्यांच्यात कमी पडलं होतं ते मुख्यतः स्नायूंचं आणि अवयवांचं वजन. कातडीखालची चरबी त्यांनी बऱ्यापैकी राखून ठेवली होती. म्हणजे आपल्यापैकी अनेकांचं स्नायूंचं खातं पहिल्या दिवसापासूनच तुटपुंजं असतं. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात. तुमचा २८ च्या आसपास आहे, तेव्हा वजन उतरवायला हवं याबद्दल वाद नाही. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषांची ९० च्या. तुम्ही कंबर कळवलेली नाही. बेंबीच्या पातळीला टेप लावून, पोट आत न ओढता मोजा. पोट आत ओढून मोजलेली कंबर फक्त लग्नाच्या ब्लाउजला उपयोगी.

आता हे तुटपुंजं खातं असलेली बाई वजन उतरवायला निघते तेव्हा काय करते? जेवण कमी करते आणि चालते. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर गेलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा स्नायू वगैरेंचा असतो. त्यात प्रथिनं कमी पडली आणि स्नायूंना काही कामच दिलं नाही, तर हा हिस्सा वाढतो. पुढे कंटाळून खाणं पूर्ववत होतं, वजन परत येतं, पण परत येताना चरबीच जास्त येते. दर दिवाळीनंतर डाएट करणाऱ्या बायका दहा वर्षांनी त्याच ६९ किलोवर असतात आणि जमिनीवरून उठताना मात्र हाताचा टेका घ्यावा लागतो. काट्यावर आकडा तोच दिसतो, म्हणून हे लक्षातच येत नाही.

तुमच्या पहिल्या चार किलोंचंही थोडं वाईट वाटून घ्या. भात आणि गोड एकदम कमी केलं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, घटतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर धरून ठेवलेलं तीनेक ग्रॅम पाणीही जातं. पहिल्या पंधरा दिवसांत झपकन उतरलेला किलो-दीड किलो असा पाण्याचा असतो. तो गेला म्हणून कौतुक करायचं नाही आणि एका लग्नाच्या पंगतीनंतर परत आला म्हणून रडायचं नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. एका जेवणात कोणी तेवढं जास्तीचं खात नाही, मग ते मोदक कितीही उकडीचे असोत. पाळीच्या आधी, लोणचं-पापड जास्त झाल्यावर, बद्धकोष्ठ असताना किलो-दोन किलो इकडे-तिकडे होतातच. रोज काट्यावर चढायचंच असेल तर सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, आणि बघायची ती आठवड्याची सरासरी. मन खट्टू होत असेल तर आठवड्यातून एकदा पुरे.

यजमानांचं म्हणाल, तर त्यांच्यावर रागावू नका, गणितच त्यांच्या बाजूचं आहे. एक वडापाव साधारण ३०० कॅलरींचा. रोजचा एक, पाच महिने सोडला तर ४५,००० कॅलरी. ७७०० ने भागा, पाच-सहा किलो येतात. शिवाय पुरुषाची उंची जास्त, स्नायू जास्त, त्यामुळे बसल्या जागीही त्यांचा खर्च तुमच्यापेक्षा दिवसाला चारेकशे कॅलरींनी जास्त असू शकतो. तुमचा दिवसाचा सगळा खर्च माझ्या अंदाजाने १७००-१८०० च्या घरात आहे. त्यातून रोज चारशे वाचवायचे तर हात राखूनच वाचवावे लागतात. त्यांच्याकडे एक मोठी, ठळक, सवयीची गोष्ट होती, ती काढून टाकली. तुमच्याकडे असा वडापाव नाही. तुमचं सगळं सुटं-सुटं, चमच्या-चमच्याने आत जातंय.

तुम्ही लिहिलंय की घरी चौघं, महिन्याला तेलाचा ५ लिटरचा डबा आणि वर एखादी पिशवी लागते. हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, मी मात्र तिथेच थांबले. सहा लिटर तेल म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. चौघांत तीस दिवस वाटलं तर माणशी रोज ४५ ग्रॅम, म्हणजे ४०० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जो २००० कॅलरींचा आदर्श ताटाचा तक्ता दिलाय त्यात दिवसभराचं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. तुमचं ताट तर २००० चंही नाही. आणि तुपाचा डबा, दाण्याचं कूट, ओलं खोबरं मी अजून धरलेलंच नाही.

माझ्याकडे एक काकू आल्या होत्या. ‘भाजीला दोन चमचे तेल घालते, जास्त नाही’ असं शपथेवर सांगत होत्या. मी म्हटलं, पुढच्या वेळी तुमचा चमचा घेऊन या. त्यांनी पिशवीतून काढली ती फोडणीची पळी, चांगली खोलगट, सासूबाईंच्या काळातली. टेबलावर मापाचा चमचा ठेवला आणि पाण्याने पळी भरून मोजली. एका पळीत मापाचे चार छोटे चमचे बसले. छोटा चमचा ५ मिलीचा, ४५ कॅलरींचा. दोन पळ्यांचे झाले साडेतीनशेच्या वर, तेही एका भाजीत. काकू थोडा वेळ पळीकडेच बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘आणि आमटी वेगळीच की!’ त्यांचं खोटं काही नव्हतं. दोन म्हणजे दोनच घालत होत्या.

तुम्ही एवढंच करा. तेलाचा नवा डबा उघडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख घाला. चौघांना ५ लिटर दीड महिना पुरवायचं, एवढं एकच धोरण ठेवा. फोडणी कढईच्या तळाला नाही, कढल्यात करायची. घडीच्या पोळीच्या आत तेल आणि वर तूप, यातलं एक निवडा. कूट घालायचंच, पण डब्यातून चिमटीने किंवा मुठीने नाही, मोजून. एक मोठा चमचा कूट पन्नास कॅलरींचं. कोशिंबीर, भाजी, आमटी तिन्हीत गेलं की दीडशे. दाणे वाईट नाहीत, पण आपल्या पुणेरी स्वयंपाकात ते मोजले जात नाहीत, ही अडचण आहे.

भाताबद्दल. कच्चा तांदूळ आणि गव्हाचं पीठ, दोन्ही १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. ज्वारीचंही जवळपास तेच. भाकरीने वजन उतरतं आणि भाताने वाढतं असं काही नाही. भाकरी जरा चावावी लागते, पोट लवकर भरतं, आणि भात-वरण-तूप कालवलं की किती गेलं ते कळत नाही, इतकाच फरक. तुम्ही भात सोडला आणि दोनाच्या तीन पोळ्या केल्या, असं तुमच्याच पत्रात आहे. मग काय मिळवलं? उलट वरण बंद झालं! भाताबरोबर वाटीभर दाट वरण जात होतं, आता पोळीबरोबर कोरडी भाजी जाते. दुपारी एक वाटी भात परत घ्या आणि त्यावर दोन वाट्या वरण. मला भातापेक्षा त्या वरणाशी मतलब आहे.

कारण तुमचा दिवस मी मांडून बघितला. सकाळी पोहे, प्रथिनं पाच-सहा ग्रॅम. दुपारी पोळ्या आणि भाजी, दहा-अकरा. चारला चहा-खारी, दोन. रात्री पोळी-भाजी-कढी, आठ-नऊ. झोपताना हळदीचं दूध, सहा. झाले ३१-३४. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम म्हटलं तरी तुम्हाला ५७ हवीत, आणि वजन उतरवताना स्नायू सांभाळायचे तर मी ७० च्या आसपास नेते. अर्ध्यावर आहात. घरात ‘आम्ही रोज कडधान्य खातो’ म्हणतात, पण मोड आलेली मटकी भाजीपुरती दोन चमचे ताटात येते. पोषण संस्थेच्या त्याच तक्त्यात डाळी-कडधान्यं दिवसाला ८५ ग्रॅम आहेत, कोरडी, न भिजवलेली. एकदा काट्यावर मोजून बघा ८५ ग्रॅम डाळ किती दिसते. चौघांच्या घरी त्या हिशोबाने महिन्याला दहा किलो डाळी-कडधान्यं लागतील. तुमच्या किराण्याच्या यादीत तीन-चार किलो असतील.

बदल असे. सकाळी पोह्यांच्या जागी आठवड्यातले चार दिवस मुगाचे किंवा मिश्र डाळींचे धिरडे, सोबत वाटीभर दही, मिळून १५ ग्रॅमच्या आसपास. अंडी चालत असतील तर दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, काही डोक्याला ताप नाही. दुपारी वरणाच्या दोन वाट्या किंवा मूठभर नाही, वाटीभर उसळ. चारला खारीऐवजी भाजलेले फुटाणे आणि ताक. रात्री ७५-८० ग्रॅम पनीर, किंवा ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, दोन्हीत १५ च्या आसपास. मासे-चिकन खात असाल तर फक्त बुधवार-रविवारी ठेवू नका, थोडं थोडं चार दिवसांत वाटा. आणि रस्सा नाही, फोड खा. पुण्यात कोंबडी केली की माणसं रस्सा-भाकरीवर तुटून पडतात आणि मुलांना फोडी देतात.

प्रथिनांची पावडर विष नाही. व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रथिन. एका मापात २०-२४ ग्रॅम मिळतं, आणि स्वयंपाकात वेळच नसेल तर मी देतेही. निरोगी मूत्रपिंडं त्याने बिघडत नाहीत. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलं असेल, जुना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पण बागेबाहेरचा शेकचा डबा हा वेगळा प्रकार आहे. तिथे जेवणाच्या जागी शेक देतात, म्हणून वजन उतरतं. शेक थांबला की जेवण येतं आणि वजनही. त्यांचं मशीन पायाच्या तळव्यातून बारीकसा वीजप्रवाह सोडून शरीरातल्या पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. पाणी पिऊन गेलात, घाम गाळून गेलात, पाळी चालू असताना गेलात, तर आकडा बदलतो. ‘मेटाबॉलिक एज’ ही कुठली वैद्यकीय तपासणी नाही. अठ्ठावन्न ऐकून तुमचा चेहरा पडतो आणि डबा विकला जातो, त्या आकड्याचा तेवढाच उपयोग.

घाबरवण्याचं दुसरं टोक म्हणजे बागेबाहेरचे हिरवे रस. कारलं, गव्हांकुर, दुधी. यातलं काहीही चरबी वितळवत नाही. प्यायचा तर प्या, पण दुधीचा रस कडू लागला तर घोटही गिळू नका. कडू दुधीतल्या विषारी घटकांनी रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत आणि आयसीएमआरच्या समितीने त्याबद्दल स्पष्ट इशारा दिलेला आहे. ‘कडू आहे म्हणजे औषधी’ हे इथे जिवावर बेततं. मध-लिंबू-पाणी निरुपद्रवी आहे. मोठा चमचाभर मध म्हणजे साठ कॅलरी, आवडत असेल तर घ्या, चरबी जाळायला घेऊ नका. घाम काढणारे पट्टे, पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून चालणं, त्यात फक्त पाणी जातं. दोन ग्लास प्यायलात की परत येतं.

उपासाला तर आपण म्हणच करून ठेवलीय, एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. बशीभर खिचडीत साठ ग्रॅम साबुदाणा, तीस ग्रॅम कूट, बटाटा आणि चमचा-दोन चमचे तूप धरलं तर पाचशेच्या वर कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम आठ ग्रॅम. गुरुवार श्रद्धेने करता, जरूर करा, त्यात मी पडणार नाही. पण तो वजनाच्या खात्यात लिहू नका. त्या दिवशी दही, ताक, दूध, पनीर आणि राजगिरा यांच्यावर भर द्या.

मग दीक्षित की दिवेकर, हे तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्या ग्रुपवर चाललंच असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षित दोनदाच जेवा म्हणतात, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत. ऋजुता दिवेकरांचं नाव थोडं थोडं, वेळेवर, घरचं खाण्याशी जोडलेलं. पुण्यातल्या कित्येक घरांत यावरून नवरा-बायकोंत तट पडले. मी दोन्हीकडची माणसं बारीक झालेली पाहिली आहेत आणि दोन्हीकडची न झालेलीही. २०२२ साली चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ स्थूल माणसांवर वर्षभर प्रयोग झाला. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या, एका गटाला सकाळी ८ ते दुपारी ४ मध्येच खायला सांगितलं. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक निघाला नाही. तेव्हा जे तुमच्या घरच्या वेळापत्रकात बसतं ते घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल त्यांनी मात्र दोन वेळांचं व्रत डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये, साखर एकदम खाली जाते.

आता चालणं आणि सिंहगड. तळजाईवर चार किलोमीटर चालण्यात तुमच्या वजनाला दीडशे-दोनशे कॅलरी जातात. खाली येऊन अमृततुल्यचा एक चहा आणि क्रीमरोल झाला की हिशोब चुकता. पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड चढलात तर चारशे-पाचशे. वर गेल्यावर कांदाभजी, पिठलं-भाकरी, लोणी, मडक्यातलं दही, हजाराच्या घरात. मी हे खाऊ नका म्हणत नाही. गडावर जाऊन भजी न खाणारा माणूस मला जरा संशयास्पदच वाटतो. पण ‘आज गड चढलो, आज चालतं’ हे वाक्य बंद करा. मनगटावरचं घड्याळ जास्त आकडा दाखवत असेल तर त्यावरही विश्वास नको. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी मनगटी यंत्रं तपासली तेव्हा हृदयाचे ठोके बऱ्यापैकी बरोबर निघाले, पण कॅलरींमध्ये सर्वांत बरं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं. दहा हजार पावलांचा आकडाही मुळात १९६०च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला. सात-आठ हजार झाली तरी पुष्कळ.

चालणं सोडू नका. हृदय, साखर, झोप, डोकं, सगळ्याला ते चांगलं. फक्त त्याच्याकडून वजनाचं काम मागू नका, आणि स्नायूंचं तर अजिबात नाही. रोज तोच रस्ता, त्याच वेगाने, तीन मैत्रिणींशी बोलत चालणाऱ्या पायांना तिसऱ्या महिन्यापासून नवीन काही काम राहत नाही.

पोटाचे व्यायाम शंभर केले तरी चरबी पोटावरचीच जाईल असं नसतं. चरबी रक्तातून सगळीकडे वापरली जाते, कुठली आधी जाणार हे तुमचं शरीर ठरवतं. चाळिशीत पाळी मागे-पुढे होऊ लागली की चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, त्यामुळे तुम्हाला वाटतं पोटच सुटलंय. जिममधल्या मुलाला पोटाऐवजी पाय, पाठ आणि खांदे विचारा. तो तुम्हाला गुलाबी रंगाचं अर्धा किलोचं डंबेल देईल. नाही म्हणा. अर्धा किलोपेक्षा जड तुमची भाजीची पिशवी असते. वजनं उचलली की बाई पैलवान दिसते, ही भीती सोडून द्या. तशा स्नायूंना लागणारं टेस्टोस्टेरॉन आपल्यात नाही आणि तालमीतल्या पोरांनाही त्यासाठी वर्षानुवर्षं जोर-बैठका काढाव्या लागतात.

जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्यावर दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. आपण पहिलं वाक्य वाचतो, दुसरं सोडतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार चालणं अर्धं करा आणि उरलेला अर्धा तास हे करा: खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, दहाचे तीन फेरे. भिंतीला हात टेकून जोर, मग ओट्याला टेकून, पुढे जमिनीवर गुडघे टेकून. पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून, कमरेत वाकून, ती कोपरापर्यंत ओढणं. पाठीवर झोपून कंबर उचलणं. शेवटची दोन-तीन आवर्तनं जड गेली पाहिजेत. सहज झाली तर वजन वाढवा. गुडघे कुरकुरत असतील तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा, पण ‘गुडघ्यांना जपायचं म्हणून पर्वतीच्या पायऱ्या बंद’ असं परस्पर ठरवू नका. मांडीतली ताकद वाढली की बहुतेक गुडघे आधीपेक्षा कमी बोलतात.

थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या, सासूबाईंचंही समाधान होईल. थायरॉइड कमी असेल तर वजन दोन-पाच किलोंनी वाढतं, त्यातही बरंच पाणी असतं. सगळं वाढलेलं वजन थायरॉइडच्या नावावर घालता येत नाही. गोळी सुरू झालीच तर उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहाच्या आधी अर्धा-पाऊण तास. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. चहाबरोबर गोळी घेऊन ‘डोस वाढवूनही फरक नाही’ म्हणणाऱ्या बायका मी सतत बघते. त्याबरोबर हिमोग्लोबिन, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), व्हिटॅमिन बी १२ आणि डीही बघा. स्टेरॉइड, काही मानसिक आजारांची किंवा फिट येण्यावरची औषधं, इन्शुलिन यांनीही वजन वाढतं. चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा, स्वतःहून मात्र काही बंद करू नका.

इंजेक्शनं काम करतात, हे आधी मान्य करते. तिरझेपेटाइड आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आलं आणि वजनासाठीच्या डोसचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनातलं दोन-तृतीयांश परतही आलं. आणि भूक मेली की माणूस पहिल्यांदा जे टाळतो ते चावायचं, जड वाटणारं, म्हणजे नेमकं प्रथिनांचं जेवण. आधीच स्नायू कमी असलेल्या बाईला हे महागात पडतं. मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, गुडघे पार गेलेले असणं, अशा वेळी डॉक्टर सुचवतील तर जरूर विचार करा. तुमच्या तपासण्या नीट आल्या तर आधी चार महिने वरचं करून बघा, असं मी म्हणेन. आणि मैत्रिणीच्या उरलेल्या इंजेक्शनच्या पेनमधून टोचून घेणं हा प्रकार करू नका, तो पुण्यात चाललेला आहे.

अपेक्षा किती ठेवायची? महिन्याला किलो-दीड किलो, कधी पाळीमुळे शून्य. पहिले सहा आठवडे काटा कदाचित हलणारही नाही आणि कंबर दोन-तीन सेंटिमीटरने उतरेल. आमच्याकडे असं झालं की माणसं तक्रार करत येतात, मी खूश असते. तोवर हळदीकुंकवाला ‘अगं चेहरा किती उतरला, बरी आहेस ना?’ आणि ‘एवढ्याशा श्रीखंडाने काय होतंय’ हे दोन्ही एकाच बाईकडून ऐकावं लागेल. डाएट चालू आहे असं चुकूनही सांगू नका, चर्चासत्र सुरू होतं. ‘आत्ताच जेवून आले’ म्हणा आणि वाटी हातात धरून बसा. रिकाम्या हातांना आग्रह जास्त होतो.

ट्रेडमिल घेऊ नका. तळजाई फुकट आहे. ट्रेडमिलच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यात तीन आणि पाच किलोच्या डंबेलच्या जोड्या येतील, खेळाच्या कुठल्याही दुकानात. सुरुवातीला तीनच्याच घ्या, पाचच्या दोन महिन्यांनी. उरलेल्या पैशांतून स्वयंपाकघरात ठेवायचा डिजिटल काटा घ्या आणि पहिल्या दिवशी त्यावर डाळ तोला.